मोटरचं दुखणं आलेखात

मोटरवर बसवलेला कंपन-सेन्सर सेकंदाला हजारो आकडे संगणकात ओततो. नुसते आकडे पाहून काहीच उमगत नाही. ते बोलके करतं सॉफ्टवेअर.

आधी साधी मोजमापं: सरासरी, शिखरमूल्य, आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ). घरातली २३० व्होल्ट वीज हे आरएमएस मूल्यच. तिचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास असतं.

सर्वांत गुणकारी मात्र एफएफटी (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म). कूली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही रीत गुंतलेल्या लहरीतल्या वारंवारता झटपट सुट्या करते. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या मोटरचा आलेख २५ हर्ट्झला फार उंचावला, तर आधी रोटरच्या तोलावर संशय घ्यावा.

पण त्यासाठी नमुने, म्हणजे सेकंदाला टिपलेले आकडे, पुरेसे हवेतच. सेकंदाला १००० नमुने घेतले, तर ९०० हर्ट्झचा कंप १०० हर्ट्झचा भासतो. ही फसगत नंतर निस्तरता येत नाही, म्हणून उंच वारंवारता अडवणारा फिल्टर लहरीचे आकडे करणाऱ्या डिजिटायझरच्या आधीच बसवतात.