भिंतीवरची बुरशी : आधी पाणी शोधा, मग डाग पुसा



हिवाळी पाऊस सुरू झाला की प्रार्थनेनंतरच्या गप्पांत घरोघरच्या भिंतींवर उमटणाऱ्या काळ्या डागांचा विषय हटकून निघतो. येथे ज्याला ‘ओवेश’ म्हणतात, ती ही बुरशी. कोणी एकॉनॉमिकाची बाटली सुचवितो, कोणी व्हिनेगर, तर कोणी नवा रंग. इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझे आयुष्य गेले. त्या अनुभवावरून मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे : बुरशी हा मूळ रोग नव्हे, ती पाण्याची खूण आहे. पाणी तसेच राहिले, तर पुसलेला डाग पुढच्या हिवाळ्यात परत येतो.

बुरशी आपल्या वाडवडिलांना नवी नव्हती. कोकणात श्रावणात ती कपड्यांवर, चपलांवर, लाकडी पेटाऱ्यावर येत असे. परंतु तेथे कौलांच्या फटींतून वारा खेळत असे आणि पाऊस सरल्यावर आश्विनाचे ऊन सर्व काही वाळवून टाकीत असे. येथे पाऊस थंडीतच येतो. १९५० व १९६० च्या दशकांत घाईने उभारलेल्या शिकुनांत आपली अनेक कुटुंबे राहिली. त्या घरांच्या काँक्रीटच्या भिंतींना थंडी अडविणारा थर नसतो. आपण खिडक्या आणि त्रिस लावून घेतो. आत स्वयंपाक, गरम पाण्याचे स्नान, वाळत घातलेले कपडे आणि आपला श्वास यांची वाफ साठत जाते. धुराडे नसलेल्या हीटरमध्ये एक लिटर रॉकेल जळले, की त्यातून सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच घाम मग थंड भिंतीला फुटतो. बुरशीला तेवढे पाणी पुरते.

म्हणून प्रथम पाणी कोठून येते ते ओळखावे. उत्तरेकडील कोपरा, कपाटाची मागील बाजू किंवा खिडकीची चौकट येथे काळे ठिपके असतील, तर बहुधा तो वाफेचा घाम असतो. पिवळसर कडेचा डाग, वरच्या मजल्यावरील न्हाणीखालचे छत किंवा उन्हाळ्यातही ओली राहणारी भिंत यांवरून गळती ओळखावी. शंका असल्यास भिंतीचा एक भाग कोरडा पुसून त्यावर स्वयंपाकाच्या ॲल्युमिनियम कागदाचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. खोलीकडील बाजू ओली असेल, तर दोष वाफेचा. भिंतीकडील बाजू ओली असेल, तर पाणी भिंतीतून येत आहे. तेव्हा आधी नळदुरुस्ती किंवा छताची डागडुजी, नंतर सफाई.

सफाई एक चौरस मीटरपर्यंतच घरी करावी. डाग त्याहून मोठा असेल किंवा सांडपाणी मुरले असेल, तर जाणत्या कारागिरास बोलवावे. दमेकरी, तान्ही बाळे आणि दुबळ्या प्रकृतीची माणसे यांना त्या वेळी खोलीत ठेवू नये. खिडकी उघडावी, एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि चष्मा घालावा. कोरड्या ब्रशने कधीही घासू नये, कारण त्याने बुरशीचे बीजकण घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओले करून घासावे, स्वच्छ फडक्याने टिपावे आणि भिंत पूर्ण वाळवावी. भिजलेली जिप्समची पाटी, गालिचा किंवा गादी यांत बुरशी खोल शिरलेली असेल, तर त्या वस्तू टाकून द्याव्यात.

एकॉनॉमिका फरशीच्या गुळगुळीत लादीवर उपयोगी पडते. गिलाव्यात मात्र ती बुरशीच्या मुळाशी नीट पोचत नाही. शिवाय मेलेली बुरशीही श्वासाला त्रास देऊ शकते, म्हणून ती नुसती मारून चालत नाही, काढावीच लागते. आणि हे कृपया घरी सर्वांना सांगा : एकॉनॉमिकात व्हिनेगर किंवा क्षार काढणारे आम्ल मिसळले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, अमोनिया असलेल्या द्रावणानेही विषारी वायू निर्माण होतात. दार लावलेल्या लहानशा न्हाणीघरात ही चूक जिवावर बेतू शकते.

पेसाहपूर्वी घर रंगविण्याची अनेकांची रीत आहे. पण ओल्या, बुरशीच्या भिंतीवर रंग दिला, तर डाग केवळ झाकला जातो आणि काही काळाने रंग पोपडे धरून सुटतो. लेवीयच्या १४ व्या अध्यायात घराच्या पीडेचा विधी आहे. ती पीडा म्हणजे आपली बुरशी, असे मी म्हणत नाही. तसे घर कधी झालेच नाही, असेही एक मत तालमुदात नोंदले आहे. तरी तेथील क्रम कारागिराला पटण्याजोगा आहे. घरमालकाने स्वतः जाऊन याजकास सांगावे. घर रिकामे करावे. सात दिवस थांबून पुन्हा पाहावे. डाग पसरला असेल, तर दूषित दगड काढून, गिलावा खरवडून नवा लावावा. आणि नंतरही तो परततो का, याकडे लक्ष ठेवावे. झाकून टाकण्यास त्यात कोठेही जागा नाही.

त्यातील पहिली पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एकट्या राहणाऱ्या कित्येक वृद्ध भगिनी, लोक आपल्याला अस्वच्छ म्हणतील या भीतीने, डागासमोर कपाट सरकवून ठेवतात आणि वर्षानुवर्षे त्याच खोलीत खोकत निजतात. ओलसर घरांचा दमा व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे. हा दोष गृहिणीचा नव्हे. पुष्कळदा तो भिंतीचा असतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी डागाचे छायाचित्र तारखेसह ठेवावे आणि घरमालकास लेखी कळवावे.

पुढे जपणूक सोपी आहे. दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटे उघडाव्यात, थंडी असली तरीही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. ममदची खोली सामानाने भरून कायम बंद ठेवू नये. एक साधे आर्द्रतामापक यंत्र आणावे आणि आकडा ६० टक्क्यांखाली राहील असे पाहावे. आणि या आठवड्यात शेजारच्या मावशींकडे गेलात, तर चहा झाल्यावर त्यांचे कपाट जरा पुढे सरकवून मागची भिंत पाहून या.