बिटकॉइन : आधी शब्द समजून घ्या

माल ओळखल्याशिवाय सौदा करू नये, हा आपल्या व्यापाराचा जुना नियम आहे. क्रिप्टो चलनाच्या बाबतीत तर नावेच अनोळखी. यवतमाळ, पुसद, दिग्रसच्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी त्यांतील काही शब्दांचे अर्थ येथे देत आहोत.

ब्लॉकचेन : ही एक खातेवही समजा. तिची नक्कल जगभरातील हजारो संगणकांवर असते. नोंदींचे प्रत्येक पान मागच्या पानाशी साखळीसारखे जोडलेले असते. मागची नोंद कोणी बदलली, तर पुढची पाने जुळत नाहीत व लबाडी उघडी पडते.

बिटकॉइन : अशा वहीवर चालणारे पहिले चलन. जानेवारी २००९ मध्ये ते सुरू झाले. एकूण नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक निघणार नाहीत.

मायनिंग : नवे पान जोडण्यासाठी संगणक अवघड आकडेमोड करतात. जो आधी सोडवील त्याला नवी नाणी मिळतात. यात वीज फार लागते.

वॉलेट : नाव पाकिटाचे, पण आत नाणी नसतात, गुप्त किल्ली असते. किल्ली हरवली तर नाणी गेली. दुसऱ्याला सांगितली तर तिजोरी त्याची झाली.

एक्सचेंज : खरेदी-विक्रीची पेढी. पेढीवर ठेवलेला माल चोरीस जाऊ शकतो. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली.

भारतात हे कायदेशीर चलन नाही. तरीही १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया मात्र वेगळा; तो सरकारमान्य चलन आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. 'गेनबिटकॉइन' योजनेत मायनिंगच्या नावाखाली दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे वचन होते. पुढे बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे घरचेच नाणे हाती देण्यात आले. तिचा प्रमुख अमित भारद्वाज यास २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली; २०२२ मध्ये तो वारला. गुंतवणूकदारांचे पैसे अडकले ते अडकलेच.

वही खोटी नव्हती, वचन खोटे होते. ज्या मालाचा भाव रोज वर-खाली होतो, त्यावर ठरलेला नफा कोण देणार? कापसाच्या भावाची अशी हमी कोणी दिली, तर आपण हसू. येथेही तोच हिशेब लावावा, आणि दुकानाचे भांडवल व मुलीच्या लग्नाची पुंजी यापासून दूर ठेवावी, असे आम्हास वाटते.