इंजिन सुबारूचं, व्हॅन फोक्सवॅगनची. सायलेन्सर टांगायचा कुठे?

फोक्सवॅगनची तिसऱ्या पिढीची व्हॅन १९७९ मध्ये आली. अमेरिकेत ती व्हॅनॅगन नावाने विकली गेली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, गिअरबॉक्स त्याच्या पुढे. हवेने थंड होणारं इंजिन जाऊन १९८३ च्या मॉडेलपासून पाण्याचं आलं. त्यात हेडच्या रबरी सीलपाशी कूलंट धातू खायचं आणि गळती सुरू व्हायची. पुढच्या २.१ लिटरच्या अमेरिकन इंजिनाची ताकद ९५ हॉर्सपॉवर, आणि ओढायचं अख्खं बिऱ्हाड: बिछाना, शेगडी, फ्रिज. घाट लागला की मागे गाड्यांची रांग.

म्हणून अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी सुबारूचं २.२ लिटरचं इंजिन हेरलं. तेही आडव्या चार सिलिंडरांचं, ताकद १३० हॉर्सपॉवर. अडॅप्टर प्लेट मिळते, वायरिंग चिकाटीने जमतं. घोडं अडतं ते सायलेन्सरपाशी.

अडचण मुळात दिशेची. सुबारूच्या गाडीत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, त्यामुळे धुराचा पाइप गिअरबॉक्सखालून सरळ मागे जातो. तेच इंजिन व्हॅनच्या मागच्या टोकाला लावलं की पाइपाचं तोंड ड्रायव्हरकडे होतं. ते वळवून बंपरकडे आणायचं, तेही ऑइल पॅन आणि चाकांचे शाफ्ट यांच्यामधून. शाफ्टच्या सांध्यावर रबरी बूट असतो. पाइप त्याच्या फार जवळून गेला तर बूट भाजतो, फाटतो, ग्रीस उडून जातं आणि चांगला सांधा कोरडा पडून खलास होतो. पाइप खाली घ्यावा तर खडकाळ रस्त्यावर तोच पहिला आपटणार. सुबारूचा जुना मॅनिफोल्ड कापून जोडण्यापेक्षा या व्हॅनसाठी वेगळा बनवलेला घ्यावा, असं माझं मत. महाग पडतो, पण पुढचं निम्मं दुखणं टळतं.

आता टांगण्याचं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. स्टार्टर मारला की डुलतं, गिअर टाकून अॅक्सिलरेटर दाबला की कलतं. सायलेन्सरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॉडीला घट्ट बोल्ट केलं, तर तो सगळा हेलकावा मधल्या वेल्डवर येतो आणि तडा तिथेच जातो. पुढे इंजिन असलेल्या गाडीत पाइप लांब असतो, म्हणून मधे लवचीक जाळीचा तुकडा टाकून बाकीचा पाइप रबरी हँगरवर बॉडीला टांगतात. इथे पाइप आखूड. तेव्हा ब्रॅकेट इंजिनावरच घ्यावा, म्हणजे मॅनिफोल्डपासून टेलपाइपपर्यंत सगळं इंजिनाबरोबर एकत्र हलेल. बॉडीवर टांगायचंच असेल तर रबर आणि लवचीक तुकडा दोन्ही हवेत, आणि त्या तुकड्यावर वजन किंवा पीळ येता कामा नये.

शिवाय लोखंड वाढतं. स्टेनलेसचा मीटरभर पाइप चारशे अंशांनी तापला की सुमारे सात मिलिमीटर लांब होतो. थंड गाडीखाली बोटभर वाटणारी फट घाटात तेवढीच राहील, असं धरून चालू नये.

टाके गाडीवरच मारावेत: इंजिन आपल्या माउंटिंगवर, व्हॅन चाकांवर उभी, बॅटरीची वायर सोडलेली. मग सगळं उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड करायचं. फ्लँज मॅनिफोल्डला किंवा जाड प्लेटला कसून ठेवावा, नाहीतर उष्णतेने तो वाकतो आणि गॅस्केट कितीही चांगलं असलं तरी बसत नाही.

या गळतीचा त्रास नुसत्या आवाजापुरता नसतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असली तर धुराच्या ठोक्यांमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे. कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. व्हॅन जास्त पिते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. सेन्सर पाइपाच्या वरच्या बाजूला बसवतात. खाली बसवला तर साचलेल्या पाण्याने फुटतो. कन्व्हर्टर गाळून टाकायची सोय कॅलिफोर्नियात नाही. तिथे बदललेलं इंजिन व्हॅनच्या सालाचं किंवा नंतरचं लागतं, त्याची प्रदूषणरोधक यंत्रणा पूर्ण असावी लागते आणि तपासनीस ती पाहतो.

आणि एक, हे टाळू नयेच: इंजिनाचं झाकण व्हॅनच्या आत, बिछान्याच्या मागच्या भागाखाली आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झाकणाचं जुनं रबर बदलावं. मग इंजिन चालू करून टेलपाइपाच्या तोंडाशी ओलं फडकं क्षणभर दाबून धरावं. जिथे फट असेल तिथून फुस्स ऐकू येतं. पहिल्या लांब फेरीनंतर पाइप थंड झाला की नट पुन्हा आवळावेत आणि सांध्यांवर काजळीची रेघ उमटली आहे का, हे टॉर्च लावून पाहावं.