थर्मोस्टॅटच्या दोषाची पारख

पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीच्या इंजिनातील थर्मोस्टॅट ही रेडिएटरच्या वाटेवर बसवलेली एक छोटी झडप असून, इंजिन पुरेसे तापेपर्यंत कूलंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव, रेडिएटरकडे जाऊ न देणे एवढेच तिचे काम असते. नेहमीच्या प्रकारात या झडपेला विजेची तारही लागत नाही; तिच्या पोटातील पितळी कुपीत भरलेले मेण ठरावीक तापमानाला वितळून फुगते, एका दांडीला रेटते आणि स्प्रिंगचा जोर मोडून वाट उघडते. झडप उघडू लागण्याचे तापमान बहुधा ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते व तो आकडा पुष्कळदा तिच्यावरच कोरलेला असतो. पूर्ण उघडण्यासाठी मात्र आणखी दहा-पंधरा अंश लागतात.

झडप बंद अवस्थेत अडकली तर गाडी तापते आणि दोष लपून राहत नाही. उघडी अडकली तर मात्र काटा खालीच राहतो, आणि हीटरची गरज क्वचितच पडणाऱ्या महाराष्ट्रात इंजिन थंड राहते हे गाडीचे सुलक्षणच समजले जाते. प्रत्यक्षात इंजिन अजून गरम झालेले नाही या समजुतीने संगणक जास्त इंधन सोडत राहतो, ॲव्हरेज घटते आणि तेलात साचलेली पाण्याची वाफ उडून जात नाही. काट्यावर विसंबणेही धोक्याचे, कारण अनेक आधुनिक गाड्यांत तापमान बऱ्याच अंशांनी खालीवर झाले तरी काटा मध्यावरच राहावा अशी योजना केलेली असते.

म्हणून पारख करायची ती रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर. इंजिनाच्या वरच्या भागातून रेडिएटरकडे जाणाऱ्या होज पाइपच्या तोंडाशी झडप असलेल्या गाडीत, इंजिन सुरू केल्यावर तो पाइप काही मिनिटे जवळजवळ थंड राहतो आणि मग थोड्याच वेळात हात ठेववणार नाही इतका तापतो. तो पहिल्यापासून इंजिनाच्या बरोबरीने हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी अडकल्याचा संशय घ्यावा. स्कॅनर जोडल्यास हेच आलेखात दिसते: तापमान चढत जाते, झडप उघडताच रेडिएटरमधले थंड पाणी आत आल्याने किंचित घसरते आणि मग स्थिरावते. ही घसरण न दिसता रेषा साठ-सत्तर अंशांवरच रेंगाळली तर निदान बरेचसे पक्के होते.

गाडी तापत असेल तेव्हा मात्र एकट्या थर्मोस्टॅटवर ठपका ठेवता येत नाही. इंजिन शंभरीच्या पुढे गेले आणि रेडिएटर गारच राहिला, तर अडकलेली झडप जशी कारण असू शकते तसाच निकामी वॉटर पंप किंवा आत कोंडलेली हवाही असू शकते. शिवाय कमी झालेले कूलंट, बंद पडलेला पंखा आणि फुटलेले हेड गॅस्केट यांचीही शहानिशा करावी लागते. गरम इंजिनाचे झाकण उघडून पाहण्याचा मोह अर्थातच टाळायचा, कारण दाबाखालचे कूलंट झाकण सुटताच उकळून अंगावर उसळते.

अखेरचा निवाडा पातेल्यात होतो. काढलेली झडप तळाला न टेकेल अशी दोऱ्याने पाण्यात टांगून, शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी सावकाश तापवले की ती कोणत्या अंशाला हलू लागते आणि पाणी निवताना पूर्ण मिटते का, हे डोळ्यांनी पाहता येते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तेव्हा ८८ अंशांची झडप तेथे अर्धवट उघडली म्हणून ती बाद ठरत नाही.

या सगळ्या खटाटोपाला फाटा देऊन झडपच काढून टाकण्याचा सल्ला अनेक गॅरेजांत आजही दिला जातो, आणि तो केवळ इंधनाच्या दृष्टीने महाग पडतो असे नाही. काही इंजिनांत हीच झडप उघडताना बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनातच फिरणारी वाट, दुसऱ्या चकतीने बंद करत असते. झडप नसली की ती वाट कायम मोकळी राहते, कूलंटचा काही भाग थंड न होताच परत फिरतो, आणि गाडी तापू नये म्हणून केलेल्या उपायानेच ती घाटात तापू शकते. नवी झडप बसवताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला आणि चकतीवर हवा निसटण्यासाठी छिद्र असल्यास ते वरच्या अंगाला ठेवावे. त्यानंतर हवा काढून थंड इंजिनावर तीच तपासणी पुन्हा करावी.