इमारत नवी होते, बाजार टिकतो का?

मुंबईत भेंडी बाजार, नळ बाजार, डोंगरी, नागपाडा, मदनपुरा या भागांत ज्यांचे दुकान किंवा कारखाना आहे, त्यांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. "आमची इमारत पुनर्विकासाला जात आहे. सही करावी की नाही?" घराच्या बाबतीत हा प्रश्न सोपा वाटतो. दीडशे फुटांची खोली जाते व त्याहून मोठी जागा मिळते. धंद्याच्या जागेचे गणित मात्र निराळे आहे. ते नीट समजून न घेता सही केली तर कागदावर सर्व काही मिळते आणि हातातून धंदा जातो.

भाडे गोठले, इमारती थकल्या

मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ साली झाला. जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. मग मालकाने रीतसर भाडे नाममात्र ठेवायचे व एकरकमी पागडी घ्यायची, अशी रीत पडली. त्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा होता, तरी सारा बाजार त्यावरच चालला. पुढे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली व वर्षाला ४ टक्के भाडेवाढ ठरवली.

दरम्यान इमारती कोसळू लागल्या. १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ स्थापन झाले. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. डागडुजीला मर्यादा असते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण मृत्युमुखी पडले. तेव्हा जुन्या इमारती आहेत तशाच राहू द्या, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न आहे तो नव्या इमारतीत आपली जागा कोणती, हा.

नवी इमारत उभी राहते कशी

बिल्डर भाडेकरूंना फुकट जागा देतो, ती मेहेरबानी नव्हे. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या कलमाखाली त्याला जादा चटईक्षेत्र मिळते. जुन्या रहिवाशांना सामावून उरलेली जागा तो बाजारभावाने विकतो. त्याचा सारा नफा या विक्रीत असतो. त्यामुळे रस्त्याकडेची, मोक्याची जागा विक्रीसाठी राखण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे. पूर्वी यासाठी ७० टक्के रहिवाशांची संमती लागत असे. आताच्या नियमावलीत ती ५१ टक्के आहे.

भेंडी बाजारात याहून मोठा प्रयोग झाला. २००९ साली स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने सुमारे साडेसोळा एकरांचा, अडीचशेच्या आसपास इमारतींचा प्रकल्प हाती घेतला. त्यात सुमारे ३,२०० कुटुंबे व १,२५० दुकाने येतात. एक अख्खा बाजार उठवून पुन्हा बसवण्याचे हे काम किती मोठे आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

जुन्या वस्तीत पैसेवाले राहायला येतात, भाव चढतात आणि मूळचे लोक हळूहळू बाहेर जातात, हे जगभर घडते. लंडनमध्ये हे पाहून रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली त्याला 'जेंट्रिफिकेशन' असे नाव दिले. आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरणगावात हेच झाले. गिरण्यांच्या जागी मॉल व मनोरे आले, आणि गिरणी कामगारांवर पोट असलेली खानावळ, शिंप्याचे दुकान, विडी-तंबाखूची टपरी कोणी न हाकलताही बंद पडली. गिऱ्हाईकच गेले होते.

दुकानदाराचा हिशेब

राहत्या घराला नियमाने किमान क्षेत्र मिळते, मग जुनी खोली कितीही लहान असो. दुकानाला तसे नाही. जुन्या जागेइतकीच जागा, हा तेथे नियम आहे. मंजुरी नसलेला पोटमाळा किंवा पुढे वाढवलेला ओटा त्यात धरला जाईल, अशी खात्री बाळगू नये. प्रत्यक्षात अनेकांचा अर्धा माल याच पोटमाळ्यावर असतो.

दुसरी बाब खर्चाची. समजा, दीडशे फुटांच्या गाळ्याचे भाडे आज महिना ३०० रुपये आहे. नव्या इमारतीत फुटाला १२ रुपये देखभाल खर्च धरला तर महिना १,८०० रुपये होतात. मालमत्ता कर वेगळा. ज्याचा माल मोठ्या किमतीचा आहे त्याला हे जड नाही. खिळे, कुलुपे, जुने सुटे भाग विकणाऱ्याला मात्र ते रोजच्या नफ्यातून काढावे लागतात.

तिसरी बाब शेजाराची. नागदेवीत हत्यारे, मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तू, अशी एका धंद्याची दुकाने एकत्र असतात. आपल्याकडे नग नसला तर शेजाऱ्याकडून आणून देतो, आणि दहा दुकाने आहेत म्हणून गिऱ्हाईक लांबून येते. बांधकामाच्या तीन-चार वर्षांत ही दुकाने चार दिशांना गेली तर गिऱ्हाईक दुसरा बाजार शोधते. परत आलेल्या दुकानदाराला जागा मिळते, पण तो बाजार मिळेलच असे नाही.

कारागिराचे काय?

सर्वात कच्ची बाजू कारागिराची आहे. पावती एकाच्या नावाची, कारखाना दुसऱ्याचा, आणि शिलाई किंवा जरीचे काम करणारे पाच-सहा जण तेथेच झोपणारे, ही नेहमीची स्थिती. संमतीच्या यादीत यांतील फक्त पहिल्याचे नाव असते. शिवाय निवासी मनोऱ्यात यंत्राचा आवाज, चामड्याचा वास, हातगाडीची ये-जा कोणी खपवून घेत नाही. मदनपुऱ्यातले यंत्रमाग पूर्वीच भिवंडीला गेले. उरलेले छोटे कारखानेही त्याच वाटेने जातील, आणि कारागीर गेला की त्याच्या मालावर चालणारे दुकानही फार दिवस तग धरत नाही.

सही करण्यापूर्वी

१. भाडेपावती कोणाच्या नावाची आहे ते आजच पाहा. वडिलांच्या पश्चात धंद्याच्या जागेचा हक्क त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. पावती वेळीच बदलून घ्या. भावाभावांत वाद असेल तर तो आधी मिटवा.

२. गाळ्याचे दोन भाग करून वेगळ्या पावत्या घेतल्या असतील तर तारीख तपासा. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेली नवी भाडेवहिवाट जादा चटईक्षेत्रासाठी धरली जात नाही.

३. योग्य कारणाविना सहा महिने सलग जागा बंद ठेवू नका. जागा परत मागण्यास मालकाला ते कारण पुरते.

४. जागेचे मोजमाप आपल्या माणसाकडून करून घ्या. दुरुस्ती मंडळाच्या प्रमाणित यादीत नाव व क्षेत्र बरोबर आहे का, ते स्वतः जाऊन पाहा.

५. करारात नुसते 'दुकान' असे लिहून चालणार नाही. मजला कोणता, दर्शनी बाजू कोणत्या रस्त्याला, माल उतरवण्याची सोय, कोणता धंदा चालेल, बांधकामाच्या काळात भाडे किती व उशीर झाल्यास काय, हे सारे नोंदणीकृत करारात आले पाहिजे.

६. एकेकटे बोलणी करू नका. एका गल्लीतील एका धंद्याच्या दुकानदारांनी मिळून शेजारी-शेजारी जागा मागितली तर बिल्डरला ती ऐकावी लागते, कारण संमतीसाठी त्याला त्यांच्या सह्या हव्या असतात.

७. कारागीर आपल्या छपराखाली असेल तर त्याचाही विचार याच बैठकीत करा. सही झाल्यावर त्याच्यासाठी कोणी बोलणार नाही.

सही होईपर्यंत बिल्डर आपल्या दुकानाच्या पायऱ्या चढतो, सही झाल्यावर आपल्याला त्याच्या कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. जे मागायचे ते आधी मागावे.