केबल स्वस्त, पावसाळा महाग : घरापर्यंत फायबर घेताना काय पाहावे?

शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आणि राउटरवर लाल लाइट. हा अनुभव आपल्या भंडारा जिल्ह्यात बऱ्याच घरांना आला असेल. गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यात तीन दिवस नेट बंद होते. आमच्या वर्गातली एक मुलगी अम्मीला घेऊन भर पावसात सायबर कॅफेवर गेली, तेव्हा कुठे तिचा फॉर्म भरला गेला. नंतर पाहिले तर कारण साधेच निघाले. घरातल्या वापराची पांढरी वायर छतावरून टाकली होती. उन्हाने तिची साल तडकली आणि पाणी जोडात शिरले. मीटरमागे थोडे पैसे वाचवले, पण ते फार महागात पडले.

म्हणून ही वायर आतून कशी असते ते आधी समजून घेऊ.

आत काच, बाहेर कवच

फायबर म्हणजे अतिशय शुद्ध काचेचा धागा. जाडी १२५ मायक्रॉन, साधारण केसाएवढी. त्याच्या मधोमध सुमारे ९ मायक्रॉनचा गाभा असतो आणि प्रकाश त्यातूनच धावतो. भोवतालची काच किंचित वेगळ्या गुणाची असल्याने प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत परावर्तित होत राहतो. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना किती वळतो याचा नियम बगदादच्या इब्ने सहल यांनी सन ९८४ च्या सुमारास मांडला होता. आजच्या फायबरचा पाया तोच नियम आहे. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवले की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश लांबपर्यंत नेता येतो. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

आता मुद्द्याची गोष्ट. चांगल्या कंपन्यांच्या काचेत फारसा फरक नसतो. केबल किती वर्षे टिकेल हे ठरते बाहेरच्या कवचावरून.

कोणत्या जागी कोणते कवच?

*उघड्यावर, उन्हात :* काळे पॉलिथिन, म्हणजे एचडीपीई किंवा एमडीपीई. काळा रंग शोभेसाठी नाही. त्यात मिसळलेली काजळी उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिकला वाचवते. आपल्याकडचा मे महिना आठवा, म्हणजे ही काजळी का लागते ते कळेल.

*घरात :* पीव्हीसी स्वस्त आहे, पण आग लागली तर त्याचा धूर विषारी असतो. कमी धूर देणारे, हॅलोजन नसलेले कवच थोडे महाग पडते. शाळा, मदरसा, दवाखाना अशा ठिकाणी तेच घ्यावे.

*जमिनीखाली :* इथे उंदीर आणि उधई हे दोन दुश्मन. उंदरांसाठी आतून पन्हळी पोलादी पट्टी असलेली केबल मजबूत. उधईसाठी बाहेरून नायलॉनचा थर देतात. ओल आत पसरू नये म्हणून आत जेली किंवा पाणी लागताच फुगणारा धागा असतो. वैनगंगेच्या काठी आणि धानाच्या बांध्यांत हा थर सोडून चालत नाही.

*खांबावरून :* पोलादी तार असलेली ड्रॉप वायर ताण छान सोसते आणि स्वस्तही असते. पण धातू विजेच्या तारेला लागला तर जिवाला धोका, आणि आकाशातली वीज जवळपास पडली तरी तो झटका घरापर्यंत आणू शकतो. म्हणून जवळ विजेची लाइन असेल तर धातू नसलेली, एफआरपी काडीची किंवा अॅरामिड धाग्याची केबलच मागा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

वानरांवर मात्र पक्का इलाज नाही. बनारसच्या घाटांवर माकडांनी फायबर कुरतडल्याच्या बातम्या २०१५ मध्ये देशभर गाजल्या होत्या. झाडाच्या फांद्यांपासून वायर दूर ठेवणे हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

वळण आणि जोड

घराच्या कोपऱ्यात वायर करकचून वाकवली की प्रकाश गळतो. साध्या जी.६५२ फायबरला साधारण ३० मिलिमीटर त्रिज्येचे वळण लागते. जी.६५७.ए२ ला ७.५ मिलिमीटरही चालते. घरात शिरणाऱ्या वायरसाठी जी.६५७ च मागावी. जोडही मशीनने वितळवून केलेला असावा. हाताने दाबून बसवलेल्या जोडात प्रकाश जास्त वाया जातो आणि धूळ-ओलही शिरते.

हिशोब कुठे चुकतो?

२०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या सरकारी योजनेत साध्या जमिनीत १६५ सेंटिमीटर खोल खोदून एचडीपीई नळीतून फायबर टाकण्याचा नियम होता. इतके खोल का? कारण खर्चाचा मोठा भाग खोदकामाचा असतो, केबलचा नाही. एकदा खोदले की वर्षानुवर्षे पुन्हा हात लावायची वेळ येऊ नये. आपल्या गल्लीतही तेच गणित आहे. माणसाची मजुरी, शिडी, पुन्हा पुन्हा चकरा हे सगळे धरले तर स्वस्त वायर शेवटी महागच पडते.

केबलवाल्या भाऊंना हे विचारा

१. बाहेरची वायर काळ्या पॉलिथिनची आहे का?
२. आत पोलादी तार आहे की एफआरपी?
३. फायबर जी.६५७ आहे का? वायरवर छापलेले असते, वाचून घ्या.
४. जोड मशीनने करणार का? त्यावर पाणी न शिरणारा डबा बसवणार का?
५. काम झाल्यावर पॉवर मीटर लावून दाखवणार का? साधारण उणे २७ डीबीएमच्या खाली प्रकाश गेला की लाइन तुटू लागते. उणे २० च्या आसपास असेल तर पावसाळ्यासाठी थोडी शिल्लक राहते.

मस्जिद कमिटीने किंवा मोहल्ल्यातल्या आठ-दहा घरांनी मिळून एकदाच चांगली केबल टाकून घेतली तर प्रत्येकाचा खर्च कमी होतो. हे काम उन्हाळ्यातच, मृगाआधी उरका. फॉर्मची तारीख पाऊस थांबायची वाट पाहत नाही.