घराचे झाले थिएटर, पण संवाद कुठे गेले?

दिवाळी आली की आमच्या नौपाड्यात दोन गोष्टी हटकून घडतात. एक म्हणजे पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर तरुण मंडळी नटूनथटून राम मारुती रस्त्यावर आणि तलावपाळीवर गर्दी करतात. आणि दुसरी म्हणजे बोनसच्या पैशांतून घरात एखादे नवे यंत्र येते. एके काळी ते यंत्र म्हणजे रेडिओ होता, मग टेपरेकॉर्डर झाला, मग रंगीत टीव्ही. आता पुष्कळ घरांतून ‘होम थिएटर’ येते. एक काळा जाडजूड रिसीव्हर, पाच स्पीकर आणि कोपऱ्यात बसून हुंकार देणारा एक ठोकळा, त्याचे नाव सबवूफर. वस्तू विकत आणणे सोपे. तिच्याकडून काम करून घेणे ही निराळी विद्या आहे. मी जन्मभर टेलिफोन खात्यात तारांशी झटापट केलेला माणूस. त्यामुळे आमच्या आळीत असा खोका उघडला गेला की मागोमाग मला बोलावणे येते. या उमेदवारीत जे ध्यानात आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम हे पाच-सहा स्पीकर लागतातच कशाला, हे पाहू. 1931 साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, 1932 साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट आणला, पण तो सारा आवाज एकाच वाटेने, पडद्याच्या मागून येई. आवाज प्रेक्षकाच्या भोवती फिरवावा ही हौस डिस्नेने 1940 साली ‘फँटेझिया’त करून पाहिली, पण ती यंत्रसामग्री इतकी खर्चिक, की मोजक्या थिएटरांपलीकडे गेली नाही. आपल्याकडे 1975 साली ‘शोले’ सत्तर मिलीमीटरच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला, तेव्हा मंडळींना या चमत्काराची चव कळली. पुढे 1992 साली ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर डॉल्बीचा डिजिटल ध्वनी आणि 1993 साली ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस चित्रगृहांत आले. मग डीव्हीडीची तबकडी आली आणि तोच आवाज आपल्या दिवाणखान्यात उतरला.

या पद्धतीला ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात. पुढे डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा किंचित मागे दोन, असे पाच पूर्ण आवाज. सहावा फक्त खर्जाचा. ढगांचा गडगडाट, तोफ, आगगाडीची धडधड एवढेच त्याचे काम. ऐकू येणाऱ्या पट्ट्याचा अगदी लहानसा हिस्साच तो वापरतो, म्हणून त्याला पूर्ण एक न म्हणता ‘पॉइंट एक’ म्हणतात. आणि या पंक्तीत यजमान कोण, तर मधला स्पीकर! चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्याच वाट्याला येतात. तो गप्प झाला की घर दणाणते खरे, पण कोण कोणाला काय म्हणाले ते कळत नाही.

तुम्ही म्हणाल, सहा आवाज एका बारीक तारेतून येतात कसे? तर ते आवाज म्हणून येतच नाहीत. आकडे म्हणून येतात. साध्या सीडीतला दोन वाटांचा आवाज सेकंदाला सुमारे चौदा लाख आकडे खातो. सहा वाटांना याच्या तिप्पट लागतील. म्हणून डॉल्बीवाल्यांनी युक्ती केली. ढोलताशांचे पथक दारावरून जात असताना खोलीतल्या डासाचे गुणगुणणे ऐकू येते का? नाही. मग ते साठवायचे कशाला? जे मोठ्या आवाजाखाली कानाला कळणारच नाही, ते गाळायचे. अशा काटकसरीने डीव्हीडीवरचे सहा आवाज सेकंदाला 4 लाख 48 हजार आकड्यांत बसतात. ही आवळून बांधलेली पुरचुंडी सोडणे आणि ज्याचा आवाज त्याला देणे, हेच रिसीव्हरचे मुख्य काम.

पण पुरचुंडी रिसीव्हरपर्यंत पोचली तर ना! सारी गोम इथेच आहे.

आमच्या मागच्या इमारतीतल्या एका सूनबाईंनी एकदा मला गाठले. “काका, जरा येऊन जाल का? नवीन होम थिएटर आणल्यापासून आमच्या सासूबाई टीव्हीपुढे बसतच नाहीत. काही ऐकू येत नाही म्हणतात. ह्यांनी तर कानाच्या यंत्राची चौकशीसुद्धा करून ठेवलीय.”

मी गेलो. आजी स्वयंपाकघरात गवार मोडत बसल्या होत्या. मी दारातून नेहमीच्याच आवाजात म्हटले, “आजी, चहा बिनसाखरेचा करा हं.” त्या मान वर न करताच म्हणाल्या, “माहीत आहे हो मला. मागच्या खेपेसही तुम्ही तसाच घेतला होतात.” म्हटले, कान तर शाबूत दिसतात!

मग यंत्राकडे वळलो. रिसीव्हरच्या तोंडावर एक छोटी पट्टी असते. आत काय येते आहे, हे तो तिथे लिहून दाखवतो. मी एचडी वाहिनीवरचा एक चित्रपट लावायला सांगितला. पट्टीवर डॉल्बीचे नाव नाही, फक्त दोन वाटा. मागे पाहिले, तर बसवणाऱ्या माणसाने सेटटॉप बॉक्स जुन्या लाल-पांढऱ्या तारांनी जोडलेला. या जोडीतून दोनच आवाज येऊ शकतात. प्रकाशावर चालणारी ऑप्टिकल तार पिशवीत तशीच बांधलेली! शिवाय रिसीव्हरच्या यादीत ‘मधला स्पीकर नाही’ असे नोंदलेले. म्हणजे सगळे संवाद डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटले गेले. बरोबर मध्ये बसणाऱ्याला ते मधून आल्यासारखे वाटतात. पण आजींची खुर्ची डाव्या स्पीकरला खेटून. त्यांच्या कानी संगीताचा कल्लोळ, आणि त्यातच बुडालेले बोलणे.

उपाय अर्ध्या तासाचा होता. ऑप्टिकल तार लावली. सेटटॉप बॉक्सच्या ध्वनीच्या यादीत ‘पीसीएम’ होते ते बदलून ‘डॉल्बी’ केले. (काही यंत्रांत यालाच ‘बिटस्ट्रीम’ म्हणतात, पुरचुंडी न सोडता पुढे पाठव, असा त्याचा अर्थ.) रिसीव्हरला मधल्या स्पीकरची ओळख करून दिली. तो शोकेसमध्ये चिनी मातीच्या हत्तींमागे लपला होता, त्याला पुढे आणून कानांच्या रोखाने कलता केला. चित्रपट पुन्हा लावला. आजी पदराला हात पुशीत आल्या, उभ्या राहिल्या, मग बसल्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, “अगबाई, हा मेला पुटपुटतो असं मला वाटायचं. हा तर चांगला स्वच्छ बोलतोय!” आणि मग हलक्या आवाजात, “मला वाटलं, गेले आता माझे कान. कुणाला पुन्हा पुन्हा ‘काय म्हणाला?’ विचारायचं, म्हणून उठून जायचे.”

हे वाक्य मला फार लागले. यंत्राच्या दोषापायी घरातले एक माणूस आपल्याच घरात बाजूला पडले होते. आणि त्याचा दोष सगळ्यांनी, खुद्द तिनेही, वयाला दिला होता. अर्थात उतारवयात ऐकणे मंदावते हे खरेच. ‘स’, ‘श’, ‘त’ अशी बारीक व्यंजने आधी हरवतात. तेव्हा डॉक्टरांकडून कान जरूर तपासून घ्यावेत; फक्त त्याआधी तारा तपासायला हरकत नाही.

आता वाचकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

टीव्हीतच चित्रपटांची ॲप असतील, तर आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे उलटा न्यावा लागतो. त्यासाठी एचडीएमआयच्या ज्या खाचेवर ‘एआरसी’ लिहिले असेल तीच वापरावी, दोन्हीकडे. ही सोय 2009 पासूनच्या एचडीएमआयमध्ये आली. तबकडीचा प्लेअर किंवा सेटटॉप बॉक्स मात्र शक्यतो थेट रिसीव्हरलाच जोडावा. कारण पुष्कळ टीव्ही आलेले सहा आवाज ऑप्टिकल तारेतून पुढे देताना त्यांचे दोन करून टाकतात.

दुसरे, सगळ्याच कार्यक्रमांत सहा आवाज नसतात. कित्येक मालिका दोन आवाजांच्या, जुने चित्रपट तर एकाच. अशा वेळी रिसीव्हरवर ‘प्रो लॉजिक’ किंवा ‘डॉल्बी सराउंड’ लावावे. दोन्ही वाटांत जे सारखे असते, म्हणजे बहुधा संवाद, ते तो मधल्या स्पीकरला देतो.

तिसरे, शिवणाची टेप घ्यावी आणि नेहमीच्या बैठकीपासून प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजून रिसीव्हरला सांगावे. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मीटरमागे तीन मिलिसेकंद लागतात. जवळच्या स्पीकरला तेवढे थांबवून रिसीव्हर सगळ्यांना एकदम पोचवतो. तारांचे लाल-काळे टोकही जुळवून घ्यावे. एक जरी उलटे लागले तरी खर्ज पातळ होतो. एवढ्याने संवाद उठून आले नाहीत, तर मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी.

चौथी गोष्ट शेजारधर्माची. नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की पुनर्विकासातले मनोरे, खर्ज कुठल्याच भिंतीला जुमानत नाही. तो जमिनीतून खालच्या बिऱ्हाडात उतरतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तो अधिक घुमतो. तेव्हा कोपऱ्यातून काढावा आणि खाली जाड रबर घालावे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पुष्कळ रिसीव्हरांत ‘नाइट’ची सोय असते; ती स्फोट दाबते आणि कुजबुज वर आणते. रात्री मुले झोपल्यावर चित्रपट पाहणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

यंदाच्या पाडव्याला तुमच्याकडेही असा खोका येणार असेल, तर लाडू-चकलीचे ताट संपवून एक काम करा. पट्टीवर डॉल्बीचे नाव उमटते का, ते पाहा. आणि मग खोलीच्या मधोमध नव्हे, तर घरातले वडीलधारे जिथे बसतात त्या खुर्चीत स्वतः बसून एक प्रसंग ऐका. तिथे शब्द न् शब्द कळला, तर तुमचे होम थिएटर बसले असे खुशाल समजा.